इतर (असल्यास)

पुण्याहून आलेला मुलगा लॅपटॉप उघडतो तेव्हा
बाहेर त्रेचाळीस डिग्री,
जुळे सोलापुरातल्या माझ्या दहा बाय बाराच्या ऑफिसात
कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास.
मॅडम, म्हणतो, आता वह्या विसरा.

हा तिसरा. पहिल्याचं भाडं महिना नऊ हजार,
दुसऱ्याचं इंग्रजी माझ्या बायकांना झेपलं नसतं.
एकोणीस आहेत. सातवी, नववी, एक बारावी नापास,
आणि नरसम्मा मेरगू, जिला मराठी बोलता येतं,
स्वप्नं तेलुगूत पडतात, वाचता कुठलंच येत नाही,
पण दिवसाला हजार विड्या वळताना
वीस वर्षांत जिच्या मोजणीत
एक इकडची तिकडे झाली नाही.

पडद्यावर रकाने.
आंघोळ: झाली, नाही झाली.
औषध: दिलं, नाही दिलं.
कूस बदलली की हिरवी खूण,
नाही बदलली तर माझ्या फोनवर घंटा.
चांगलं आहे. खोटं कशाला बोलू,
मागच्या श्रावणात एका घरी इन्सुलिन दोनदा गेलं,
दोन पाळ्यांच्या मधल्या अर्ध्या तासात.
नोंद वहीत होती, वही पिशवीत,
पिशवी सात रस्त्याला रिक्षात राहिलेली.
ती रात्र मी सिव्हिलच्या पायरीवर काढली.
आजी वाचल्या. मला अजून
कुणाच्याही हातात पिशवी दिसली की धस्स होतं.

बाई घरी पोचली की नकाशावर ठिपका, तो दाखवतो.
मी घरकुलातला पत्ता टाकून बघते.
ठिपका शेजारच्या दारात पडतो.
तिथं सगळ्या गल्ल्या एका साच्यातल्या,
पोस्टमनसुद्धा हाक मारत जातो.
मग ती गैरहजर का?
सिस्टीमच्या मते, हो.

मी वही पुढे सरकवते. हे कुठे लिहायचं, सांग.
शैनाजचं अक्षर, रात्रपाळी:
‘आजोबा झोपेत माग चालवतात. दोन्ही हातांनी.
मी उठवलं नाही.’
खाली निलव्वाचं:
‘काकूंना कडक भाकरीच पाहिजे. दात नाहीत.
कानाजवळ धरून मोडली, आवाज ऐकवला,
मग दुधात कुस्करली. दीड भाकरी खाल्ली.’

तो म्हणतो, शेरा. अडीचशे अक्षरं बसतात.
आणि माणूस गेलं की?
‘निष्क्रिय’ करायचं, मॅडम. यादीत पर्याय आहे.
वहीत आम्ही एक पान कोरं सोडतो.
तसं करा असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही.

तो वही चाळत राहतो, जरा जास्तच वेळ.
चहावर साय धरते.
मग म्हणतो, एक माइकचं बटण आहे,
डेमोत आम्ही दाखवत नाही,
सर्व्हरवर जागा खातं, गिऱ्हाईकं विचारत नाहीत.

साडेचार हजार. मी चारवर आणलं,
पहिला महिना फुकट, आणि वीज गेली तरी
नोंद फोनमध्ये टिकली पाहिजे, हे कागदावर लिहून घेतलं.
ठिपक्याचं त्यानं ‘बघतो’ म्हटलंय.
वह्या कपाटात ठेवल्या. रद्दीवाल्याला सांगितलं, नाही.

सोमवारी नरसम्माची पहिली नोंद येते,
अक्कलकोट रोडवरून, माग चालवणाऱ्या आजोबांच्या घरून.
खुणा सगळ्या हिरव्या. रंग ओळखायला नातीनं शिकवलंय.
खाली माइक: एक मिनिट दहा सेकंद.
थांबायचं बटण तिला सापडलं नसावं.
पंखा. ताटली ठेवल्याचा आवाज.
‘तिन्नावा, ताता?’
उत्तर नाही.
मग चादरीवर हात घासल्यासारखं काही,
खस्स, थांबतं, खस्स,
आणि त्याच्या लयीत तिचं हलकं हूं, हूं,
लहान मुलाची गोष्ट ऐकतात तसं.

हे मिनिट बिलात कुठे धरायचं
ते सेटिंग मला अजून सापडलेलं नाही.